चार बाय सहाचं बाथरूम, घरच्या घरी, 35 हजारांत (जमेल तसं)

तिसरा_मजला

बाथरूमचं काम घरच्या घरी कसं केलं, असं दोन-तीन जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

डोंबिवली पूर्व, 1989 ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लिफ्ट नाही हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. वन बीएचके. संडास वेगळा, बाथरूम वेगळं, आतून 4 बाय 6 फूट. भिंतीला चार फुटांपर्यंत सहा बाय सहा इंचांच्या पांढऱ्या लाद्या, वर ऑइल पेंट. तो पापुद्रे सुटून आंघोळीच्या बादलीत पडायचा. जानेवारीत सासूबाई घसरल्या. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी झाली. त्याच आठवड्यात खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरलीय, बघून जा एकदा."

कॉन्ट्रॅक्टरने 95 हजार सांगितले. आमच्याकडे 35 होते. नवरा म्हणाला, तोडायला काय अक्कल लागते? मग सोसायटीला अर्ज दिला. दुपारी 2 ते 4 आवाज करायचा नाही या अटीवर परवानगी मिळाली आणि मे महिन्यात काम काढलं.

तोडायला अक्कल लागते. पहिल्या दिवशी नवऱ्याने मोठा हातोडा घेतला आणि तिसऱ्या घावाला संडासाच्या बाजूच्या भिंतीचं प्लास्टर पलीकडून सुटलं. अर्ध्या विटेची भिंत ती! त्यानंतर एक किलोचा हातोडा आणि चपटी छन्नी, छन्नी तिरकी धरून लादीच्या कडेने. लादी आधी ओली करायची म्हणजे धूळ कमी उडते. चष्मा आणि एन-95 मास्क लावल्याशिवाय आत जायचं नाही. ती सिमेंट-वाळूची धूळ फुप्फुसात बसते, नुसता रुमाल बांधून भागत नाही.

भिंतीच्या सगळ्या लाद्या काढल्या नाहीत. पैसे वाचले ते इथेच. प्रत्येक लादी नाण्याने ठोकून बघितली. 'टक' वाजली की पक्की, 'डब' वाजली की पोकळ. पक्क्या तशाच ठेवल्या, त्यांची चकाकी ग्राइंडरने खरवडली आणि त्यांच्यावरच नवीन लाद्या अॅडहेसिव्हने बसवल्या. खालच्या दोन ओळी मात्र, म्हणजे एक फूट, सगळीकडून काढल्या. वॉटरप्रूफिंग जमिनीवरून भिंतीवर चढवायचं तर तेवढी जागा मोकळी लागतेच. नंतर तो फूटभर पट्टा प्लास्टर करून वरच्या लाद्यांच्या पातळीत आणला. शॉवरची भिंत पूर्ण काढली.

जमीन फोडली तेव्हा खाली विटांचे तुकडे निघाले, काळे आणि ओले. हातात घेतला की गाळासारखा वास. भिंतीतल्या लोखंडी पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) गंजून घाम आल्यासारखा पाझरत होता. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी बाहेर जायच्या तोंडाखालच्या भांड्याच्या, गळ्याभोवतीचं सिमेंट तर बोटाने निघत होतं. वर्षानुवर्षं दर दिवाळीला अॅसिड टाकून बाथरूम 'पांढरंशुभ्र' करायचो ना, ते सिमेंट अॅसिडनेच खाल्लं. प्लंबरने सांगितलं तेव्हा सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही.

प्लंबर दोन दिवस लावला, 3,000 रुपये. पाइप आम्ही स्वतः जोडणार नाही हे आधीच ठरलं होतं. राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, 46 गोण्या भरलं. ते तीन मजले खाली उतरवायला आणि टेम्पोला 1,800 गेले. आमच्या दोघांच्या पाठीचा खर्च धरलेला नाही.

ढाळाचं, म्हणजे जमिनीच्या उताराचं, रामायण पुढच्या प्रतिसादात लिहिते. आत्ता कुकर लावायचाय.

वाचनमात्र

फोटो? फोटो नसतील तर धागा अपूर्ण समजण्यात येईल.

ओळंबा

वडील गवंडी होते, मी स्वतः साइटवर 22 वर्षं आहे. नाण्याने लाद्या वाजवून बघितल्यात ते वाचून बरं वाटलं. कित्येक कॉन्ट्रॅक्टर हे करत नाहीत, सरसकट फोडून मोकळे होतात. फोडायचे पैसे वेगळे मिळतात, मग वाजवून कोण बघतो.

इतरांसाठी थोडी भर. ओले विटांचे तुकडे निघाले तर ते सगळे काढा, स्लॅब उघडा करा आणि दोन-चार दिवस पंखा लावून सुकू द्या. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचं केमिकल लावलंत तर ओल आत कोंडून राहते, ती खालच्यांच्या छतातूनच बाहेर पडते. स्लॅबला सळ्या दिसत असतील, गंजून फुगल्या असतील, तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो घरच्या घरी करायचा उद्योग नाही.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे वाटा मारलात का? म्हणजे कोपरा काटकोनात न ठेवता मालाने (कालवलेल्या सिमेंट-वाळूने) गोलाई द्यायची. काटकोनात केमिकलचा थर पातळ बसतो आणि पहिला तिथेच तडकतो. केमिकलचे दोन हात मारायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. आणि नहाणी ट्रॅपच्या गळ्याच्या आतपर्यंत ब्रश फिरवायचा. दहापैकी आठ गळत्या मी त्या गळ्याशीच बघितल्यात.

ढाळाचं काय केलंत ते लवकर लिहा. मला अंदाज आहे.

हिशोबनीस

कौतुक आहेच, पण एक प्रश्न. दोघांनी किती दिवस खपलात? त्या दिवसांची मजुरी धरा, रजा टाकल्या असतील त्या धरा, आणि मग 95 हजारांशी तुलना करा. नाहीतर हे 'घरी केलेलं लोणचं फुकट' असं म्हणण्यासारखं आहे. आणि इतके दिवस आंघोळी कुठे केल्यात?

तिसरा_मजला

@वाचनमात्र, फोटो रात्री टाकते. फोडलेल्या बाथरूमचे आहेत, आमचे नाहीत. आम्ही दोघं त्या दिवसांत गिरणीतून बाहेर आल्यासारखे दिसत होतो.

@हिशोबनीस, बरोबर आहे. पाच शनिवार-रविवार आणि मधले सहा दिवस रजा. पण मजुरी धरायला ती दुसरीकडे मिळाली असती पाहिजे. सुट्टीच्या दिवशी मी बँकेत जाऊन बसले असते तर बँकेने पैसे दिले नसते. आमच्याकडे वेळ होता, 60 हजार जास्तीचे नव्हते, हिशोब एवढाच. आंघोळी समोरच्या वहिनींकडे, सकाळी सहाला, रांगेत. सासूबाई कल्याणला नणंदेकडे. वहिनींना मी जन्मभर शेंगदाण्याचे लाडू देणं लागते.

आता ढाळ.

@ओळंबा, तुमचा अंदाज खरा आहे.

वाटा मारला होता. केमिकलचे दोन हातही झाले, दोन भागांचं सिमेंटवालं घेतलं होतं, 2,400 रुपये. मग ट्रॅपला कापडाचा बोळा आणि प्लॅस्टिक कोंबून दोन इंच पाणी भरलं आणि 48 तास तसंच ठेवलं. खालच्या काकूंच्या छताला जो डाग होता त्याच्याभोवती नवऱ्याने स्टुलावर चढून पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख लिहिली. स्लॅबमध्ये जुनं पाणी असतंच, त्यामुळे नुसतं ओल आहे-नाही बघून कळत नाही, डाग वाढतोय का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकूंनी बेल वाजवली. आमच्या पोटात गोळा. त्या म्हणाल्या, "रेघेच्या आतच आहे हो, चहा घ्यायला या."

त्या आनंदात आम्ही जमिनीचा ढाळ स्वतः करायला घेतला.

नहाणी दारासमोरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. वाचलं होतं, फुटाला दीड ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सहा फुटांना दीडच्या हिशोबाने नऊ सूत, म्हणजे इंचाहून जरा जास्त. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरी लावली, स्पिरिट लेव्हलने तपासली, माल पसरला, दोन दिवस पाणी मारलं आणि मग 12 बाय 12 च्या मॅट लाद्या बसवल्या. दिसायला सुरेख. संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून गोटी मागून आणली आणि दारात ठेवली. गोटी निघाली सुरेख, समोर गेली, आणि डावीकडे वळून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली. परत ठेवली. परत तिथेच. नवरा म्हणाला, गोटी वाकडी असेल.

मग तांब्याभर पाणी ओतलं. बादली ठेवायच्या जागेवर ताटाएवढं डबकं.

चूक अशी की आम्ही ढाळ फक्त लांबीत धरला होता. रुंदीत, डावीकडून उजवीकडे, काहीच नव्हता. उलट दोन सूत खोलगट झालं होतं. अॅडहेसिव्ह अजून पुरतं धरलं नव्हतं म्हणून सहा लाद्या त्याच रात्री पुट्टीच्या पात्याने उचलल्या. दोन तुटल्या. दुसऱ्या दिवशी नाक्यावरून एका गवंडीदादांना आणलं, 1,200 रुपये हजेरी. त्यांनी लेव्हलची पाण्याची नळी घेतली, कोपऱ्या-कोपऱ्यात मालाचे ठिय्ये, म्हणजे उंचीच्या खुणेचे छोटे ढीग, मारले, ट्रॅपच्या तोंडाशी सगळ्यात खालचा, आणि मग रंध्याने ठिय्ये जोडत गेले. दुपारी जेवायला बसायच्या आत झालं. आम्ही दोन दिवस घातले होते.

पुढचा आठवडाभर मी रोज गोटी सोडून बघत होते. घरात सगळ्यांना वेड लागलंय असं सासूबाई तिकडे कल्याणला नणंदेला सांगत होत्या.

ओळंबा

अगदी हाच अंदाज होता. लांबीत सगळेच धरतात, रुंदी विसरतात. वडील म्हणायचे, पाण्याला चारी बाजूंनी हाक मारावी लागते.

अजून एक. ढाळ लादीने द्यायचा नसतो, लादीखालच्या कोब्याने, म्हणजे मालाच्या थराने, द्यायचा. 'बघू, अॅडहेसिव्ह जरा जाड-पातळ करू' असं म्हणणाऱ्याच्या लाद्या वर्षभरात पोकळ वाजतात.

फ्यूजवाला

धाग्यात पाणी-पाणी झालं, विजेचं कोणीच बोलत नाही. गीझर आहे का? 2000 वॉटचा असेल तर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर खेचतो. तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. सॉकेट पिवळं पडून चॉकलेटसारखं वितळलेलं. 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर मेन बोर्डापासून, स्विच बाथरूमच्या बाहेर. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. हा लागला नसेल तर बाकी टाइल्स इटालियन लावा नाहीतर गुजरातच्या मोरबीच्या, उपयोग नाही. साधा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. जुन्या इमारतीत अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत येते का तेही बघून घ्या, बऱ्याचदा ती मध्येच कुठेतरी हवेत सोडलेली असते.

तिसरा_मजला

@फ्यूजवाला, आमच्याकडे अगदी तसंच निघालं, हिरवी वायर छोट्या बोर्डाच्या मागे गुंडाळून ठेवलेली. इलेक्ट्रिशियन, वायर, आरसीसीबी मिळून 3,400. हे आणि प्लंबर, दोन्हीत काटकसर केली नाही.

काटकसर कुठे केली ते सांगते. भिंतीच्या लाद्या 12 बाय 18 च्या, 38 रुपये चौरस फूट, दुकानात मागच्या बाजूला उरलेल्या लॉटमधल्या. दहा बॉक्स. फक्त घेताना प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर जुळवून घेतला. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे. वर सात फुटांपर्यंत लाद्या फक्त शॉवरच्या भिंतीला, बाकी चार फुटांवर रंग. महागडं इपॉक्सी ग्राउट (लाद्यांच्या सांध्यांत भरायचा मसाला) फक्त जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या फुटाला, बाकी साधं ग्राउट. नळ साधेच, पण पितळी, क्रोम केलेले. भिंतीत गाडलेला कन्सिल्ड डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) घेतला नाही. उद्या बिघडला तर पुन्हा लाद्या फोडा, कोणी सांगितलंय. पाइप सीपीव्हीसी, गरम पाण्यालाही चालतात, आणि भिंतीला झिरी (खाच) मारून बसवल्यावर माल भरायच्या आधी एक रात्र पाण्याचं प्रेशर देऊन ठेवलं. एका जोडाला थेंब आला. झिरी बुजवल्यावर आला असता तर?

अॅडहेसिव्हची एक गोणी वाया गेली, 420 रुपये. सगळी एकदम कालवली आणि तेवढ्यात खालून टेम्पोवाल्याचा फोन आला. परत येईपर्यंत बादलीत दगड. थोडी-थोडीच कालवा. आणि अॅडहेसिव्हने लावायच्या लाद्या पाण्यात भिजवायच्या नसतात. जुन्या सवयीने मी चार भिजत घातल्या होत्या.

एकूण 36,460. म्हणजे 35 चे झाले नाहीतच. यात 3,200 चं पीव्हीसीचं दार आणि आधारासाठीच्या दोन स्टीलच्या दांड्या धरल्यात.

कोकणफणस

आमचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) आहे, लांज्याकडे. बाहेरच्या बाथरूमच्या चिऱ्याच्या भिंतीवर भावाने थेट लाद्या लावल्या, एका पावसाळ्यात अर्ध्या खाली. चिरा पाणी पितो आणि खडबडीतही असतो, आधी प्लास्टर, ते पुरतं सुकू द्यायचं, मग लादी. बाहेरून पावसाचा मारा ज्या भिंतीवर आहे तिला बाहेरूनही प्लास्टर हवं. आतून कितीही केमिकल फासलं तरी बाहेरून येणारं पाणी लादीला ढकलतंच.

हिशोबनीस

36,460 मान्य. लाडूंचा खर्च जोडा.

स्टुटगार्टकर

इथे मजुरी इतकी महाग की निम्मी वसाहत शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात असते. इकडे शिकलेली एक गोष्ट: दोन भिंतींचा आतला कोपरा, आणि जमीन-भिंत यांचा सांधा, यात ग्राउट भरत नाहीत, सिलिकॉन भरतात. भिंती आणि जमीन थोड्या-थोड्या हलतात, ग्राउट कडक असल्यामुळे तडकतं, सिलिकॉन ताणलं जातं. बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन घ्यायचं. आणि काही वर्षांनी कापून परत भरायचं, ते कायमचं नसतं. कोपऱ्यात केमिकलच्या दोन हातांमध्ये जाळीची पट्टी पण घालतात.

ओळंबा

@स्टुटगार्टकर, बरोबर. आपल्याकडे कोपऱ्यात व्हाइट सिमेंट भरून वर बोट फिरवतात आणि त्याला 'फिनिशिंग' म्हणतात.

भाडेकरू_नंबर_एक

आम्ही भाड्याच्या घरात. मालक म्हणतो, काय करायचं ते तुमच्या पैशाने करा, पण तोडफोड नको. खालच्यांची तक्रार आहेच. काही होऊ शकतं का?

तिसरा_मजला

@भाडेकरू, आधी पाणी कुठून जातंय ते शोधा. एक दिवस सगळे नळ पूर्ण बंद ठेवून बाथरूम कोरडं ठेवा. तरी खाली थेंब चालू असेल तर भिंतीतला पाइप, आणि तो मालकाचाच खर्च, ठणकावून सांगा. फक्त वापरल्यावर गळत असेल तर सांधे किंवा ट्रॅप. सांध्यांसाठी जुनं ग्राउट टोकदार पात्याने निदान तीन-चार मिलिमीटर खोल खरवडायचं, ब्रशने आणि कोरड्या कापडाने धूळ काढायची, दोन दिवस पूर्ण सुकवायचं आणि इपॉक्सी ग्राउट भरायचं. आमच्या नणंदेने एवढंच केलं, बाराशे रुपयांत, एका रविवारात. वरवर फासू नका, खरवडायचं म्हणजे खरवडायचं. आणि अॅसिड बंद.

ओळंबा

आणि गळती बाहेरच्या सामाईक पाइपमुळे असेल, म्हणजे डक्टमधल्या उभ्या लाइनमुळे, तर तो सोसायटीचा खर्च. सभासदाच्या घरातल्या नळ-मोरीची गळती सभासदाची. गळती दिसली की कमिटीतले पहिल्यांदा तुमच्याकडेच बोट दाखवतात. तेव्हा डक्टच्या बाजूची भिंत आधी बघा.

वाचनमात्र

फोटो बघितले. दांड्या भिंतीला कशा लावल्यात? अर्ध्या विटेची भिंत म्हणालात ना. माझ्या बाबांसाठी लावायच्यात.

तिसरा_मजला

तिथेच सगळ्यात जास्त घाबरले होते. लादीवर मास्किंग टेप चिकटवून, हॅमर बंद ठेवून आधी साध्या ड्रिलने लादी पार केली, मग भिंतीत हॅमर चालू. लादीच्या कडेपासून दोन बोटं आत. विटांच्या मधल्या सांध्यात नाही, विटेतच भोक आलं पाहिजे, भुश्श्याचा रंग लाल आला की समजायचं. एका भोकातून राखाडी भुस्सा आला, ते सोडून दुसरं पाडलं. राखाडी भोकावर आता साबणाची जाळी आहे. भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू पिळले, नाहीतर पाणी त्याच वाटेने लादीमागे जातं. मग नवरा दोन्ही हातांनी लटकला. 82 किलो.

सासूबाई परत आल्या, पहिल्या दिवशी आंघोळीला गेल्या आणि दांडीवर टॉवेल वाळत घातला. आता रोज घालतात. धरायला दुसरी आहे म्हणे.

भाडेकरू_नंबर_एक

खूप आभार. नळ बंद ठेवून बघितलं, थेंब थांबला. म्हणजे पाइप नाही, बहुतेक सांधेच. मालकाला बाराशेतले निम्मे तरी मागतो. लाद्या कापायचा टाइल कटर तुम्ही विकत घेतलात का भाड्याने? मी ठाकुर्लीला राहतो. मोरीच्या कट्ट्यावरच्या चार लाद्या फुटल्यात, त्या बदलायला मालक हो म्हणालाय.

तिसरा_मजला

विकत, 1,900. तेव्हापासून सोफ्याखाली आहे. शनिवारी येऊन घेऊन जा, व्यनि करते. चाक बोथट झालंय, ते तेवढं नवीन आणा.